वाकडा बोगदा (कोबायाशी ३): मेश बारीक करूनही उत्तर जागेवर का येत नाही?

खडूफळा

थ्री-डी एसएन कोड आहे (किरणोत्सर्गाचे कण पदार्थातून कसे जातात ते ठरावीक दिशा धरून काढणारा), स्पेसमध्ये ऑक्ट्री (हवा तो सेल आठ तुकड्यांत फोडणारी रचना) लावून ॲडॅप्टिव्ह केलेला. तपासायला कोबायाशींच्या पोकळीवाल्या प्रश्नसंचातला (ओईसीडी-एनईए, २०००) तिसरा प्रश्न घेतला आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी आधी भूमिती.

ठोकळा एक्स, वाय, झेड दिशांना ६० × १०० × ६० सेंमी. मूळबिंदूच्या कोपऱ्यात १० सेंमी बाजूचा घनाकृती सोर्स, दर घन सेंमीला दर सेकंदाला १ कण. सोर्स आणि शिल्ड दोन्हींत सिग्मा-टी (दर सेंमीला टक्कर होण्याचं प्रमाण) ०.१ प्रति सेंमी, पोकळीत ०.०००१. पोकळी म्हणजे १० × १० सेंमीचा बोगदा. सोर्सच्या तोंडापासून वायच्या दिशेने ६० पर्यंत जातो, तिथून एक्सकडे वळून ४० पर्यंत, मग झेडमध्ये वर चढून ४० पर्यंत, आणि पुन्हा वायच्या दिशेने निघून १०० ला बाहेर पडतो. तीन वळणं. एक्स, वाय, झेड शून्य असलेल्या तिन्ही पृष्ठांवर परावर्ती सीमा, समोरच्या तिन्ही मोकळ्या. केस १ निव्वळ शोषक, केस २ मध्ये सिग्मा-एस (टकरीतून नुसती दिशा बदलण्याचा, म्हणजे स्कॅटरिंगचा वाटा) हा सिग्मा-टीच्या निम्मा. एकच एनर्जी ग्रुप, स्कॅटरिंग सगळ्या दिशांना सारखं.

सुरुवातीची मेश ५ सेंमीची, १२ × २० × १२ = २,८८० सेल. क्वाड्रेचर (दिशा आणि त्यांची वजनं यांचा संच) लेव्हल-सिमेट्रिक एस-१६, म्हणजे २८८ दिशा. स्पेसमध्ये डायमंड डिफरन्स (सेलची सरासरी म्हणजे समोरासमोरच्या पृष्ठांची सरासरी असं धरणारी रीत), फ्लक्स (कणांचा प्रवाह) निगेटिव्ह निघाला की शून्यावर आणणारा फिक्सअप. शेजारच्या सेलशी स्केलर फ्लक्समध्ये (सगळ्या दिशांचा मिळून) फरक जास्त असलेले वरचे २० टक्के सेल दर फेरीला फोडायचे, हा निकष.

चार-पाच फेऱ्यांनी बारीक सेल बोगद्याभोवती गोळा व्हायला हवेत. होतात भलतीकडेच: शिल्डमध्ये, सोर्सपासून निघणाऱ्या लांब पट्ट्यांवर, छत्रीच्या काड्यांसारखे. आणि (५, ९५, ५) या बिंदूवरचा फ्लक्स फेरीगणिक स्थिरावायचा सोडून हेलकावे खातो. निकष बदलायचा, फिक्सअप काढायचा, की आणखी कुठे पाणी मुरतंय?

घाटवळण

काड्या म्हणालात तिथेच निदान झालं. हा रे इफेक्ट. लॅथ्रॉपने १९६८ साली यावर लिहिलंय, म्हणजे आजार जुना आहे. एसएनमध्ये कण ठरावीक दिशांनीच धावतो. सोर्स छोटा, भोवती पोकळी किंवा शोषक, मध्ये दिशा बदलायला स्कॅटरिंग कमी: असं असलं की फ्लक्स त्या दिशांवरच साचतो आणि मधली जागा उपाशी राहते.

तुमच्याच आकड्यांवर बघा. २८८ दिशा म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ४ पाय भागिले २८८, साधारण ०.०४४ स्टेरेडियन. मूळबिंदूतून बोगद्याच्या पहिल्या टप्प्याचं दूरचं टोक पाहिलं तर ६० सेंमीवर १० × १० चा चौकोन दिसतो: १०० भागिले ३६००, म्हणजे ०.०२८ स्टेरेडियन. अख्ख्या अष्टकात या बोगद्याच्या नावावर सरासरी एकही पूर्ण दिशा लागत नाही. सोर्समधून थेट ते टोक गाठणारा प्रवाह एखाद्या दिशेने नशिबाने बरोबर लावला तर लावला.

आता खरी गोम. स्पेसची मेश जाडी असते तेव्हा न्यूमरिकल डिफ्यूजन या काड्या थोड्या पसरवतं, उत्तर निदान दिसायला बरं दिसतं. मेश बारीक केली की ते डिफ्यूजन जातं आणि काडी धारदार होते. काडीच्या काठावर फ्लक्सचा फरक वाढतो, तुमचा निकष म्हणतो ‘इथेच चूक जास्त’, ते सेल फुटतात, काडी आणखी धारदार होते. एकट्या स्पेसमधली ॲडॅप्टिव्हिटी इथे चुकीच्या उत्तराला इमानेइतबारे कोरून काढते. कोड बरोबर चालला आहे, त्याला काम चुकीचं दिलं आहे.

तेव्हा फ्लक्सच्या फरकावरचा निकष या प्रश्नापुरता बाद. आधी कोन, मग स्पेस.

अर्धशून्य

घाटवळण यांच्याशी सहमत, पण डायमंडलाही मोकळं सोडू नका.

वन-डी मध्ये आपण शिकतो की सिग्मा गुणिले डेल्टा-एक्स (सेलची रुंदी) हे दोन म्यूपेक्षा (म्यू म्हणजे दिशेच्या अक्षाशी असलेल्या कोनाचा कोसाइन) मोठं झालं तर बाहेर पडणारा फ्लक्स निगेटिव्ह होतो. एस-१६ ची सर्वांत लहान म्यू ०.१३९ च्या आसपास. तुमच्या ५ सेंमीच्या सेलची ऑप्टिकल जाडी ०.५. म्हणजे ०.५ विरुद्ध ०.२७८, मर्यादा केव्हाच ओलांडली. यावरून लोक समजतात की पोकळीत तरी हा त्रास नाही. थ्री-डी मध्ये तसं नाही.

घन सेल घ्या, आत पूर्ण पोकळी, दिशा तिन्ही अक्षांशी सारखी कललेली. एक्सच्या बाजूने १ फ्लक्स येतोय, वाय आणि झेडच्या बाजूंनी ०. बोगद्याच्या तोंडाशी, सावलीच्या काठावर नेमकं हेच चित्र असतं. डायमंडने सेलची सरासरी १/३ येते. बाहेर पडणारा फ्लक्स म्हणजे सरासरीच्या दुप्पट वजा आत आलेला. वाय आणि झेडमधून प्रत्येकी २/३, आणि एक्समधून उणे १/३. बेरीज २/३ + २/३ − १/३ = १. कणांचा हिशोब चोख जुळतो, म्हणून बॅलन्स छापून पाहणाऱ्याला काहीच खटकत नाही.

फिक्सअप लावा: एक्सचं बाहेरचं मूल्य शून्य, बाकीचं बॅलन्समधून पुन्हा काढायचं. सरासरी १/४ होते, वाय-झेडमधून प्रत्येकी १/२. निगेटिव्ह गेलं, पण सरासरी पाव हिश्श्याने पडली, आणि समीकरणं नॉनलिनियर झाली. पुढे जीएमआरईएस (लिनियर समीकरणं फेऱ्यांनी सोडवायची रीत) किंवा अॅडजॉइंट (डिटेक्टरकडून उलटं सोडवलेलं उत्तर) वापरायचं असेल तर हे आडवं येणार, कारण दोघांनाही लिनियर ऑपरेटर हवा.

सरळ डिसकंटिन्युअस गॅलर्किन (प्रत्येक सेलमध्ये स्वतंत्र पॉलिनॉमियल बसवणारी रीत) घ्या, ट्रायलिनियर. सेलमागे ८ अज्ञात, दर सेल-दिशेला एक ८ × ८ ची सिस्टिम. डायमंडपेक्षा महाग, पण खूप जाड्या मेशवर अचूक, आणि निगेटिव्ह आलंच तर ते पुढच्या सेलमध्ये उड्या मारत न जाता लवकर विरतं. क्वाड्रॅटिक, क्युबिककडे जाऊ नका. सोर्सच्या आणि बोगद्याच्या कडांपासून अँग्युलर फ्लक्समध्ये (एकेका दिशेच्या) खरेखुरे तुटलेले काठ निघतात; तिथे पॉलिनॉमियलची घात वाढवून फक्त बिल वाढतं.

काठावरचा

वाचनखूण साठवली. मेमरीचं काय पण? १ सेंमीच्या सरसकट मेशवर ३,६०,००० सेल × २८८ दिशा × ८ अज्ञात म्हणजे ८३ कोटी आकडे, डबल प्रिसिजनला साडेसहा जीबी. त्यात दिशा वाढवायच्या म्हणता!

अर्धशून्य

अँग्युलर फ्लक्स साठवतो कोण? स्वीप करताना (एका दिशेने सेलमागून सेल सोडवत जाताना) सेलचा अँग्युलर फ्लक्स काढायचा, वजनाने गुणून स्केलर फ्लक्समध्ये टाकायचा, पुढच्या सेलला पृष्ठावरचं मूल्य द्यायचं आणि विसरायचं. स्कॅटरिंग सगळीकडे सारखं असल्याने फक्त स्केलर फ्लक्स ठेवावा लागतो: ३,६०,००० × ८ × ८ बाइट, २३ एमबी. वर परावर्ती पृष्ठांवरचे अँग्युलर फ्लक्स, तेवढेच.

मोजपट्टी

खडूफळा, केस २ ला हात लावण्याआधी केस १ निकालात काढा. केस १ मध्ये कण वळतच नाही, तेव्हा बोगद्याच्या तीन वळणांना तिथे अर्थच नाही. संपूर्ण उत्तर अनकोलाइडेड (एकही टक्कर न झालेल्या कणांचा) फ्लक्स आहे, आणि त्यासाठी एसएनची गरज नाही. सोर्सचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यापासून बिंदूपर्यंत सरळ रेषा ओढायची, वाटेतली ऑप्टिकल लांबी मोजायची, उणे घातांक घ्यायचा, ४ पाय आर-वर्गाने भागायचं.

परावर्ती सीमांसाठी भूमिती उलगडा. तीन आरसे म्हणजे आठ प्रतिमा: सोर्स मूळबिंदूभोवती २० सेंमीचा घन होतो, बोगद्याच्या पहिल्या टप्प्याचा छेद २० × २०. मग हातानेही अंदाज येतो. (५, ९५, ५) साठी: एकूण सोर्स ८,०००. मध्यापासून अंतराचा वर्ग ९,०७५, तेव्हा भौमितिक भाग ८,००० भागिले (१२.५७ × ९,०७५), म्हणजे ०.०७०. सोर्सच्या आतलं शोषण: २० सेंमी जाडीवर सरासरी काढली तर (१ − उणे २ चा घातांक) भागिले २, म्हणजे ०.४३. बोगद्याचे ५० सेंमी जवळपास फुकट. ६० ते ९५ हे ३५ सेंमी शिल्ड म्हणजे ३.५ मुक्तपथ (दोन टकरींमधलं सरासरी अंतर, इथे १० सेंमी), ०.०३०. गुणाकार ०.०००९. सोर्सचा जवळचा भाग जास्त देतो आणि त्याचंच शोषण कमी होतं, त्यामुळे खरं उत्तर याच्या थोडं वर, ०.००१ च्या आसपास. एसएन इथे ०.०००३ किंवा ०.००४ दाखवत असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

या रेषा २० × २० च्या छेदाबाहेर जात नाहीत, कारण सोर्स आणि बिंदू दोन्ही त्याच छेदात आहेत. म्हणूनच हा बिंदू हाताने जमतो. (५५, ९५, ३५) वगैरेसाठी रेषा शिल्ड-बोगदा-शिल्ड असं कापत जातात, तिथे कोडच हवा.

केस २ ला हेच काम वाया जात नाही. अनकोलाइडेड फ्लक्स रेषांनी काढा, त्याला सिग्मा-एसने गुणून पहिल्या टकरीचा सोर्स बनवा, आणि एसएनला तेवढाच सोर्स द्या. शेवटी दोन्हींची बेरीज. एसएनच्या वाट्याला आता कोपऱ्यातला टोकदार सोर्स न येता भिंतींवर पसरलेला सोर्स येतो. पहिल्या टप्प्याच्या काड्या मुळातच जातात.

एक पथ्य: सेलमागे मधल्या बिंदूला एकच रेषा ओढून भागवू नका. सावलीचा काठ सेलमधून जातो तिथे तो बिंदू एकतर पूर्ण उजेडात नाहीतर पूर्ण अंधारात. ट्रायलिनियर घेणार असाल तर सेलमध्ये किमान २ × २ × २ गॉस बिंदू, सोर्सला लागून असलेल्या सेलमध्ये जास्त.

खडूफळा

ताई, ०.०००९ चा हिशोब फार कामाचा. केस १ तसाच लावून घेतो.

पण दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्याचं काय? पहिल्या वळणाच्या भिंतीवर (वाय = ६०, बोगद्याच्या समोर) आदळून जे स्कॅटर होतं तोच पुढच्या टप्प्याचा सोर्स. तो पुन्हा लहान डाग, पुढे पुन्हा पोकळी. काड्या पुन्हा येणार.

घाटवळण

येणार. पहिल्या टकरीचा सोर्स हा पहिल्या टप्प्याचा इलाज. पुढे कोनात ॲडॅप्टिव्ह जावंच लागतं, किंवा सरसकट दिशा वाढवाव्या लागतात. सरसकटचा भाव काढू: ०.०२८ स्टेरेडियनमध्ये निदान १६ दिशा हव्या म्हटलं तर अष्टकात (१.५७ स्टेरेडियन) सुमारे ९००, एकूण ७,२००. एस-१६ च्या पंचवीसपट. तेही सगळ्या सेलमध्ये, जिथे बोगद्याशी काही देणंघेणं नाही तिथेही. बोगद्याचं घनफळ १५,००० घन सेंमी, ठोकळ्याच्या चार टक्क्यांहून थोडं जास्त.

लेव्हल-सिमेट्रिक क्वाड्रेचर अर्धवट बारीक करता येत नाही, तो आधी टाका. ऑक्टाहेड्रॉनचे आठ त्रिकोण गोलावर चढवा, प्रत्येक त्रिकोण कडांच्या मध्यांतून चार भागांत फोडा: ८, ३२, १२८, ५१२, २,०४८. मध्याशी दिशा, वजन म्हणजे त्या गोलीय त्रिकोणाचं क्षेत्रफळ. याहून चांगलं हवं तर प्रत्येक त्रिकोणात चार दिशा ठेवून लिनियर बेसिसने वजनं काढा. आता हवा तो त्रिकोण एकट्याने फोडता येतो.

मग तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिली, परावर्ती सीमा. एखादी दिशा फोडली की आरशातल्या तिच्या जोडीदारणीही फोडाव्या लागतात, नाहीतर सीमेवर परत जाणाऱ्या कणाला जागाच नाही. तीन आरसे, म्हणजे एका त्रिकोणामागे आठ. सीमेला लागून असलेल्या सेलपुरतं केलं तरी चालतं, पण कोडमध्ये तो नियम सक्तीचा हवा.

दुसरी, बारीक-जाड सीमा. शेजारच्या दोन सेलमध्ये दिशांची पातळी वेगळी असेल तर पृष्ठावर भाषांतर लागतं. जाडीकडून बारीककडे जाताना आईचं मूल्य चारही लेकींना देणं सुरक्षित, कधी निगेटिव्ह होत नाही. बारीककडून जाडीकडे येताना वजनी सरासरी घेतली तर स्केलर फ्लक्स टिकतो, पण पृष्ठातून जाणारा करंट (पृष्ठ ओलांडणाऱ्या कणांचा निव्वळ आकडा) टिकत नाही, कारण आईची दिशा आणि लेकींची सरासरी दिशा अगदी एक नसते. करंट हुकला म्हणजे पृष्ठावर कण गळतात. तेव्हा सरासरी काढल्यावर अष्टकातला करंट जुळेल अशा गुणकाने मोजमाप सुधारा. स्केलर फ्लक्स किंचित हलला तर हलू द्या. कणांचा हिशोब आधी. आणि बोगद्याच्या आत पातळी बदलू नका, बदल शिल्डमध्ये ढकला.

तिसरी, स्वीपचा क्रम. इथे मात्र ऑक्ट्री तुमच्या बाजूने आहे. सगळी पृष्ठं अक्षांना काटकोनात, त्यामुळे सेलचा क्रम दिशेच्या फक्त चिन्हांवर ठरतो. एका अष्टकातल्या सगळ्या दिशांना, कितीही फोडल्या तरी, एकच क्रम. चक्रं होत नाहीत. शेजाऱ्यांत दोन-एकाचं प्रमाण पाळा (एका पृष्ठावर चारपेक्षा जास्त शेजारी नकोत), एवढं पुरे. टेट्राहेड्रल मेशवाल्यांना हे सुख नाही.

समांतर चालवायचं असेल तर केबीए पद्धतीची स्तंभ-वाटणी (प्रत्येक प्रोसेसरला मेशचा एकेक स्तंभ) इथे लंगडते. बोगद्याचा स्तंभ ज्या प्रोसेसरवर तो घामाघूम, बाकीचे वाट बघत. वाटणी सेलच्या संख्येवर न करता सेल गुणिले दिशा यावर करा.

काठावरचा

केस २ ला डीएसए (डिफ्यूजन समीकरणाने फेऱ्यांना वेग देणारी रीत) लावायचा का? सगळीकडे वाचतो की सोर्स इटरेशन (मागच्या फेरीच्या फ्लक्सवरून स्कॅटरिंगचा सोर्स काढून पुन्हा स्वीप) अडकतं म्हणून.

अर्धशून्य

इथे नको. सोर्स इटरेशनचा चूक-घटीचा दर स्कॅटरिंग गुणोत्तराइतका, फार तर ०.५. दहा लाखांत एक इतकी अचूकता यायला २० फेऱ्या, कारण ०.५ चा २० वा घात साधारण तेवढाच. गुणोत्तर ०.९९ असतं तर त्याच कामाला पावणेचौदाशे फेऱ्या लागल्या असत्या. तेव्हा डीएसएशिवाय गत्यंतर नसतं.

शिवाय डीएसएला पोकळी मानवत नाही. डिफ्यूजन गुणांक १ भागिले ३ सिग्मा: शिल्डमध्ये ३.३ सेंमी, बोगद्यात ३,३३३ सेंमी. शेजारच्या दोन सेलमध्ये हजारपटीची उडी, आणि ट्रान्सपोर्टच्या डिस्क्रिटायझेशनशी न जुळणारा डिफ्यूजन सॉल्व्हर असेल तर फेऱ्या पसरतात. पुढे कधी दाट स्कॅटरिंगचा प्रश्न घेतलात तर वांग आणि रगुसा यांची २०१० ची इंटिरियर पेनल्टीवाली रीत पाहा, ती अर्धवट फोडलेल्या मेशवर चालते. आणि तिला स्वतंत्र फेरी म्हणून न चालवता जीएमआरईएसचा प्रीकंडिशनर म्हणून लावा.

थांबण्याची अट तेवढी नीट ठेवा. दोन फेऱ्यांतला फरक एप्सिलॉनपेक्षा कमी म्हणजे चूक एप्सिलॉन, असं नसतं. फरक हा एप्सिलॉन गुणिले (१ − दर) याहून कमी हवा. ०.५ ला दुपटीचा फरक पडतो, ०.९९ ला शंभरपटीचा.

मोजपट्टी

आता निकष. दिशा फोडायच्या, सेल फोडायचे, पण कुठले? फ्लक्सच्या फरकावर नाही, हे वर झालं. तुम्हाला बोगद्याच्या बाहेरच्या तोंडाशी (३५, ९५, ३५) फ्लक्स हवा असेल तर सोर्सच्या दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्यात कितीही मोठी चूक असो, तिचं सोयरसुतक नाही. चूक किती आणि ती उत्तरापर्यंत किती पोचते, या दोन्हींचा गुणाकार हवा. त्यासाठी अॅडजॉइंट.

कृती अशी. डिटेक्टरच्या जागी १ सोर्स ठेवायचा, दिशा उलट्या करून तोच स्वीप चालवायचा. मिळतो तो महत्त्वाचा नकाशा: कुठला कण, कुठल्या दिशेचा, उत्तरात किती भर घालेल. मग प्रत्येक सेल-त्रिकोणासाठी मूळ उत्तराचा अवशेष (उत्तर समीकरणात घातल्यावर उरणारी तफावत) काढायचा आणि अॅडजॉइंटने तोलायचा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. अॅडजॉइंट त्याच मेशवर, त्याच ट्रायलिनियर बेसिसने काढला तर गॅलर्किनच्या लंबतेमुळे हा गुणाकार शून्य येतो. कोड ‘चूक शून्य’ छापतो आणि माणूस खूश. अॅडजॉइंट एक पायरी श्रीमंत जागेत हवा. मेश अर्धी करणं म्हणजे आठपट सेल, परवडत नाही. स्वस्त उपाय: त्याच मेशवर काढा, २ × २ × २ भावंड-सेलच्या गठ्ठ्यावर क्वाड्रॅटिक बसवा, आणि त्यातून मूळ अॅडजॉइंट वजा करून उरलेला भाग वापरा. फार नाजूक अंदाज मिळत नाही, पण कुठे फोडायचं याचा क्रम बहुतेकदा बरोबर लागतो.

चिन्ह ठेवून बेरीज केली तर उत्तराला दुरुस्ती मिळते, ॲबसोल्यूट घेऊन केली तर कुठे फोडायचं ते कळतं. दोन्ही छापा. चिन्हवाली बेरीज लहान आणि ॲबसोल्यूट प्रचंड असेल तर चुका एकमेकींना खाताहेत. पुढच्या फेरीत उत्तर उडणार हे धरून चाला.

स्पेस आणि कोनाचे अवशेष वेगळे मोजा. एकाच यादीत घालून वरचे २० टक्के फोडले की नेहमी स्पेस जिंकतो, कारण सेल असंख्य. त्या फेरीत ज्याची बेरीज मोठी तेवढंच फोडायचं.

आणि हो, डिटेक्टर बिंदू असेल तर अॅडजॉइंटलाही काड्या फुटतात. उलट बाजूनेही पहिल्या टकरीची तीच युक्ती: डिटेक्टरपासून रेषा ओढून अनकोलाइडेड भाग आधी काढून घ्या.

सुपारी

सगळं वाचलं. एवढ्या उठाठेवीपेक्षा माँटे कार्लो (एकेक कण यादृच्छिकपणे सोडून मोजायची रीत) लावा आणि चहा प्या. कोबायाशींच्या संचातली केस २ ची संदर्भ-उत्तरंही जीएमव्हीपी या माँटे कार्लो कोडनेच काढलेली आहेत.

मोजपट्टी

सुपारीशेठ, चहा बराच वेळ प्यावा लागेल. (३५, ९५, ३५) पर्यंत सरळ रेषेने अंतर १०७ सेंमी, बहुतांशी शिल्डमधून, म्हणजे सात मुक्तपथांच्या घरात. बोगद्यातून येणारा तीन वळणं घेऊन. दोन्ही वाटा दुर्मीळ. साध्या माँटे कार्लोत तिथे पोचणारे कण मोजकेच.

पण तुमचा मुद्दा उलटवून घेते. वरचा अॅडजॉइंट वाया जात नाही, तो माँटे कार्लोच्या वेट विंडोला (कणाचं वजन ठरावीक पट्ट्यात ठेवायची रीत: जड कणाचे तुकडे, हलका बहुतेकदा बाद) लागतो. ही वॅगनर आणि हगीगत यांची १९९८ ची रीत. सोर्सचं सँपलिंग अॅडजॉइंटच्या प्रमाणात करायचं, आणि प्रत्येक सेलमधलं लक्ष्य-वजन म्हणजे अपेक्षित उत्तर भागिले तिथला अॅडजॉइंट. जन्मताच कण विंडोच्या मध्यावर असतो, हा तिचा मोठा फायदा. याला अॅडजॉइंट अचूक नको, आकार बरा हवा. ५ सेंमीची मेश आणि कमी दिशा चालतात.

सुपारी

आणि त्यातल्या काड्या?

मोजपट्टी

त्या चालत नाहीत, बरोबर पकडलंत. काड्यांमधल्या उपाशी जागेत अॅडजॉइंट खोटा लहान, म्हणजे लक्ष्य-वजन खोटं मोठं. तिथे शिरलेला चांगला कण रशियन रूलेटमध्ये (हलके कण नशिबावर मारून वाचलेल्यांचं वजन वाढवणं) मारला जातो. वाचला तर भलत्या मोठ्या वजनाने, आणि तो डिटेक्टरवर पोचला की टॅली (मोजणीची बेरीज) एकदम वर उडी घेते. सांख्यिक चूक आधी छान खाली येत असते, मग अचानक वाढते. ही उडी दिसली की कणसंख्या वाढवू नका, विंडोचा नकाशा काढून बघा. अॅडजॉइंटला पहिल्या टकरीची युक्ती लावली की बहुतेक वेळा भागतं.

पोकळीची दुसरी खोड: कण बोगद्याच्या तोंडात शिरतो, टक्कर न होता पलीकडे पोचतो, तोवर लक्ष्य-वजन हजारो पटींनी खाली गेलेलं. एका दमात हजारो तुकडे, आणि तो एकच कण प्रोसेसर अडवून बसतो. वाटेत पोकळीतच तुकडे केले तरी फायदा नाही, सगळे एकाच रेषेत त्याच दिशेने जाणार. म्हणून एकावेळच्या तुकड्यांना मर्यादा ठेवतात. एमसीएनपी या माँटे कार्लो कोडमध्ये ती डीफॉल्टने ५ असते, आणि विंडोच्या वरच्या-खालच्या काठांचं गुणोत्तरही ५. ओपनएमसी या दुसऱ्या कोडमध्येही वेट विंडो आहेत, या मर्यादा तिथेही घालता येतात.

तुलना करताना फिगर ऑफ मेरिट बघा: १ भागिले (सापेक्ष चुकीचा वर्ग गुणिले वेळ). अॅडजॉइंट काढायला गेलेला वेळ त्यात धरा. न धरता शंभरपट फायदा दाखवणारे खूप असतात.

काठावरचा

अवांतर, पण विचारतो. लासलगावच्या कृषक केंद्रात कोबाल्ट-६० वापरून कांदा-आंब्यावर मारा करतात. तशा प्रकल्पात सोर्सच्या खोलीतून बाहेर यायला वळणावळणाची वाट असते. तिला हीच कृती चालेल?

अर्धशून्य

सांगाडा हाच, पण एकच एनर्जी ग्रुप विसरा. कोबाल्टचे गॅमा १.१७३ आणि १.३३२ एमईव्हीचे, सरासरी १.२५ धरतात. काटकोनात एकदा कॉम्प्टन स्कॅटर झाला की ०.३६ एमईव्ही उरतात, दुसऱ्या काटकोनानंतर ०.२१. म्हणजे दोन वळणांनंतर दारापाशी पोचणारा फोटॉन मूळच्या सहाव्या हिश्श्याचा. ग्रुपच्या सीमा ०.२ ते ०.४ मध्ये दाट हव्यात, नाहीतर डोस चुकतो. स्कॅटरिंगही सगळीकडे सारखं नाही, पुढच्या दिशेला झुकलेलं; लेजांड्रे विस्तार किमान पी-३, शक्यतो पी-५.

कोनाची ॲडॅप्टिव्हिटी इथे ग्रुपनिहाय ठेवा. वरच्या ग्रुपात बारीक दिशा हव्यात, खालच्या ग्रुपांत फोटॉन भिंतींवर आपटून विखुरलेले असतात, तिथे थोड्या दिशांत भागतं. मोठी बचत यातच आहे.

दुसरी वाट विसरू नका: थेट भिंतीतून. काँक्रीटमध्ये कोबाल्टच्या गॅमाला दहापट घटवायला साधारण २१ सेंमी लागतात, १.८ मीटर भिंत धरली तर साडेआठ दशकांची घट. दारापाशीचा डोस मुख्यतः वळणावळणाच्या वाटेने येतो की भिंतीतून, हे अंदाजाने ठरवू नये. दाराचा अॅडजॉइंट काढून मूळ फ्लक्सशी गुणा, गुणाकाराचा नकाशा वाट दाखवतो. आणि फोडायचं तिथेच.

खडूफळा

डायमंड काढून ट्रायलिनियर घातलं, पहिल्या टकरीचा सोर्स लावला. काड्या शिल्डमधून गेल्या. केस १ ला (५, ९५, ५) ताईंच्या अंदाजाच्या किंचित वर, म्हणजे ठीक. पण केस २ मध्ये त्याच बिंदूवर एसएनने काढलेला टकरीनंतरचा भाग अजूनही फेरीगणिक वरखाली होतो. काडी नाही, निगेटिव्ह नाही. आता काय?

मोजपट्टी

बिंदू कुठे पडतो ते बघा. ५ सेंमीची मेश, आणि बिंदू ५, ९५, ५. तिन्ही आकडे ५ च्या पाढ्यातले, म्हणजे बिंदू बरोबर सेलच्या शिरोबिंदूवर. तिथे आठ सेल भेटतात आणि डिसकंटिन्युअस गॅलर्किनमध्ये आठांची आठ वेगळी मूल्यं असतात. कितीही वेळा निम्मं केलंत तरी तो शिरोबिंदूवरच राहणार. कोड कुठल्या सेलचं मूल्य छापतो?

खडूफळा

यादीत जो आधी सापडेल त्याचा. आणि फोडल्यावर यादीचा क्रम बदलतो.

मोजपट्टी

मग दर फेरीला वेगळ्या सेलचं मूल्य छापलं जातंय. आठांची सरासरी घ्या, किंवा सुरुवातीची मेश १० भागिले ३ सेंमीची ठेवा: १८ × ३० × १८, ९,७२० सेल. बोगद्याच्या भिंती १० च्या पटीत आहेत, त्या तशाच मेशवर बसतात, आणि बिंदू सुरुवातीला सेलच्या मध्यावर येतो. पण एकदा निम्मं केलं की तो पुन्हा शिरोबिंदूवर, तेव्हा सरासरी लिहावी लागेलच. अॅडजॉइंटचा सोर्सही त्याच आठ सेलमध्ये सारखा वाटा.

खडूफळा

सरासरी घातली. हेलकावा गेला. चौथ्या फेरीला कोनाची बेरीज स्पेसच्या वर गेली, आता बोगद्याच्या दिशेचे त्रिकोण फुटताहेत.